कोर्टासमोरचं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान : सात वर्षांच्या गिऱ्हाइकाचा रिव्ह्यू

झेरॉक्सच्या दुकानाचा रिव्ह्यू कोण लिहितं असं वाटेल, पण मी २०१९ पासून या दुकानात जातेय, वर्षातनं दहा-बारा वेळा तरी, आणि ज्यांच्या घरातली खुनाची केस सेशन कोर्टात पडून आहे त्यांना उपयोग होईल म्हणून सगळं सविस्तर लिहिते. दुकानाचं नाव टाकत नाही, दुकानवाल्या काकांनीच नको म्हणून सांगितलंय. कोल्हापूरच्या कोर्टाच्या गेटमधनं बाहेर आलं की रस्ता ओलांडायचा, चहाच्या गाड्यामागं हिरव्या पत्र्याचं दुकान आहे, आत दोन मशीन, एक कॉम्प्युटर, बाहेर फळीचं बाकडं. गेटवर कुणालाही विचारा पक्षकारांचं झेरॉक्स कुठलं, लगेच सांगतील.

आमची केस थोडक्यात सांगते. नोव्हेंबर २०१८ मध्ये माझ्या आत्याचा खून झाला. करवीर तालुक्यातलं आमचं गाव, आत्या एकटीच राहायची, ६८ वय, रात्री घरात घुसून मारलं आणि अंगावरचं, डब्यातलं सगळं सोनं नेलं. आठवड्याच्या आत तिघं सापडले, सोनंही बरंच मिळालं. खुनाच्या केसमध्ये ९० दिवसांत चार्जशीट गेलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्कच मिळतो, आमचं ८६ व्या दिवशी गेलं. कलम ३०२, जोडीला जबरी चोरीची कलमं. ३०२ ला शिक्षा दोनच, जन्मठेप नाहीतर फाशी. सरकारी वकील तेव्हा बाबांना म्हणाले होते की एकट्या म्हाताऱ्या बाईला तिच्याच घरात मारलंय, आम्ही फाशी मागणार. बाबा ते घरी येऊन चार-चार वेळा सांगायचे. आज सव्वासात वर्षं झाली, ३१ साक्षीदार आहेत त्यातले ४ झालेत.

दुकानात पहिल्यांदा गेले ती चार्जशीटची झेरॉक्स काढायला. २८६ पानं. काकांनी गठ्ठा हातात घेतला, वरची दोन पानं बघितली आणि मला काही न विचारता मधली सात-आठ पानं बाजूला काढून पालथी ठेवली, मग म्हणाले, "ताई, यात पोस्टमार्टेमचे आणि जागेवरचे फोटो आहेत, हे मी शेवटी काढतो, वेगळ्या पाकिटात घालून देतो, घरी कुणी बघायचं ते तुमचं तुम्ही ठरवा." मी तोवर चार्जशीट उघडलंच नव्हतं, आत फोटो असतात हेच मला माहीत नव्हतं. ते खाकी पाकीट अजून माझ्या कपाटात आहे, स्टेपल केलेलं, मी उघडलेलं नाही आणि बाबांनीही शेवटपर्यंत उघडलं नाही. त्या दिवशी आईही सोबत होती. काकांनी ती पानं तशीच मशीनवर टाकली असती तर ट्रेमधनं एकेक करून तिच्यासमोरच आली असती. पाच स्टार माझ्याकडून त्याच दिवशी ठरले होते, पुढं अर्धा का कापला तेही सांगते.

दुसरी गोष्ट म्हणजे या माणसाला कोर्टाची भाषा कळते आणि तो ती आपल्याला समजेल अशी सांगतो, पैसे न घेता. रोजनामा म्हणजे काय हे मला काकांनी सांगितलं. प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं, कोण हजर, कोण गैरहजर, तारीख कशासाठी पुढं गेली हे त्यात लिहिलेलं असतं आणि नक्कल अर्ज केला की सही-शिक्क्याची नक्कल मिळते. आम्ही दीड वर्ष नुसतं तारखेला जाऊन बाहेर उभं राहून परत येत होतो. काय झालं विचारलं की "तारीख पडली" एवढंच कळायचं. का पडली हे कोण सांगणार, आत पन्नास केसेसची गर्दी, आपलं नाव पुकारलं आणि अर्ध्या मिनिटात संपलंसुद्धा. काका म्हणाले, "बघा ताई, तुम्ही रागात हाय ते बरोबर, पर कुणावर रागवायचं ते तरी कागदावर बघून घ्या." मग मी रोजनाम्याच्या नकला काढायला लागले, आणि आरोप निश्चित होईपर्यंतच्या, म्हणजे आरोपींवर कुठले आरोप ठेवून खटला चालवायचा ते कोर्ट ठरवेपर्यंतच्या तारखा त्यांच्याच दुकानातल्या बाकड्यावर बसून मोजल्या. ६१ भरल्या.

कारणं वाचलीत तर कळेल की मोठं असं काही झालेलंच नाही. एकदा आरोपींना कळंबा जेलमधनं आणायला पोलीस पार्टी मिळाली नाही. एकदा पार्टी आली पण दोघांनाच आणलं, आणि आरोप निश्चित करायचे तर सगळे आरोपी हजर पाहिजेत. दोन नंबरच्या आरोपीनं वकील बदलला, नवीन वकिलांनी कागद वाचायला वेळ मागितला, तो द्यावाच लागतो. तीन नंबरला वकीलच नव्हता, त्याला सरकारी खर्चानं द्यायला तीन तारखा गेल्या. सी.ए. रिपोर्ट, म्हणजे रक्ताच्या डागांचा वगैरे तपासणीचा अहवाल, तो यायचा होता. एकानं डिस्चार्जचा, म्हणजे मला केसमधनं वगळा असा अर्ज केला, त्यावर म्हणणं, त्यावर युक्तिवाद. जामिनासाठी हायकोर्टात गेले तेव्हा आमची फाईल मुंबईला गेली ती पाच महिने आलीच नाही, तोवर इथं प्रत्येक तारखेला "रेकॉर्ड प्राप्त नाही". साहेबांची, म्हणजे जज्जांची बदली, मग नवीन साहेब येईपर्यंत, मग नवीन साहेबांनी केस समजून घेईपर्यंत. ऑगस्ट २०१९ ला महापूर, शिरोलीला हायवे पाण्याखाली गेलेला, मी इचलकरंजीत अडकलेले आणि कोर्टात कोण पोचणार. मार्च २०२० ला लॉकडाऊन. जुलै २०२१ ला परत महापूर. प्रत्येक कारण एकेकटं बघितलं तर खरं वाटतं, रास्त वाटतं, आणि सगळी मिळून आमच्या घरातली पावणेपाच वर्षं गेली, तीसुद्धा फक्त आरोप वाचून दाखवायला. खटला तिथून पुढं सुरू होतो हे लोकांना माहीतच नसतं.

लॉकडाऊनचं कारण मी एका मर्यादेपर्यंतच मान्य करते. माकडवाला वसाहतीतली ती केस सगळ्या कोल्हापूरला माहीत आहे, मुलानं आईला मारल्याची. ती घटना ऑगस्ट २०१७ ची, निकाल जुलै २०२१ ला लागला, फाशी, आणि ऑक्टोबर २०२४ ला हायकोर्टानं ती कायम केली. लॉकडाऊन त्या केसलाही होताच की. म्हणजे होतं, करायचं म्हटलं की होतं. दुसरीकडं कॉम्रेड पानसरेंची केस बघा, १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी फिरायला गेलेल्या माणसावर त्यांच्याच घराजवळ गोळ्या घातल्या, २० ला ते गेले, आणि आरोप निश्चित व्हायला जानेवारी २०२३ उजाडला. जानेवारी २०२५ ला हायकोर्टानं सांगितलं की हा खटला रोजच्या रोज चालवा. एवढ्या मोठ्या माणसाची केस, रस्त्यावर मोर्चे, हायकोर्टाचं लक्ष, तरी आठ वर्षं. बाबांनी जानेवारी २०२३ ला ती बातमी पेपरात वाचली, कात्रण काढून आमच्या फाईलच्या पहिल्या पानाला लावलं आणि म्हणाले, त्यांचं झालं बघ, आता आपलंबी होईल.

बाबा मार्च २०२३ मध्ये गेले. हार्ट अटॅक. आमच्या केसमध्ये आरोप निश्चित झाले सप्टेंबर २०२३ ला.

हे इथं का लिहितेय ते सांगते, कारण उशीर म्हणजे नुसती वाट बघणं असं बाहेरच्यांना वाटतं, आणि तसं नाहीये. बाबा फिर्यादी होते. आत्याला सगळ्यात आधी त्यांनीच बघितलं. आणि मुख्य म्हणजे आत्याचा कोल्हापुरी साज, गळ्यातला सोन्याचा, त्यांनीच ओळखला होता. साजाला २१ पानं असतात, त्यातलं आत्याचं माशाचं पान एकदा तुटून हरवलं होतं आणि २००९ ला बाबांनी गुजरीत, सोनारांच्या पेठेत, नेऊन नवीन करून बसवलं, ते बाकीच्या पानांपेक्षा जरा लालसर होतं आणि मागं टाका जाडा आला होता. आरोपीकडं सापडलेला साज आत्याचाच आहे हे त्या एका पानावरनं ठरतं. पोलिसांसमोर, पंचांसमोर बाबांनी ते बोट ठेवून दाखवलं, पंचनाम्यात लिहिलंय. पण आमच्या वकिलांनी सांगितलं की फिर्याद आणि पंचनामा हे एकटे पुरावा होत नाहीत, ज्यानं सांगितलं त्यानं कोर्टात उभं राहून, शपथेवर, उलटतपास सोसून सांगायला लागतं. माणूसच गेला तर कागद राहतो, त्याचं वजन उरत नाही. ज्या सोनारानं पान बसवलं ते २०२१ लाच कोविडमध्ये गेले. पंचांपैकी एक पुण्याला स्थायिक झालाय. तपास केलेले अधिकारी रिटायर झाले, पोस्टमार्टेम केलेल्या डॉक्टरांची दोनदा बदली झाली. फेब्रुवारी २०२५ ला पहिली साक्ष झाली तेव्हा शेजारच्या काकूंना आरोपींच्या वकिलांनी विचारलं, आवाज ऐकला तेव्हा घड्याळात किती वाजले होते. त्या सहा वर्षांपूर्वीचं सांगत होत्या, एकदा साडेअकरा म्हणाल्या, एकदा एक. खोटं बोलत नव्हत्या, २०१८ च्या डिसेंबरात विचारलं असतं तर पटकन सांगितलं असतं. गप्प बसून त्या नुसत्या माझ्याकडं बघत होत्या, मी काही करू शकत नव्हते.

आता अर्धा स्टार. बाबा गेल्यावर मी सरकारी वकिलांना विनंती अर्ज द्यायचं ठरवलं, की साज मीही ओळखते, पान बसवायला बाबांबरोबर गुजरीत मीच गेले होते, मला ३११ खाली साक्षीदार म्हणून बोलवा. ३११ म्हणजे खटला कुठल्याही टप्प्यावर असला तरी कोर्ट गरज वाटली तर नवीन साक्षीदार बोलवू शकतं. अर्ज याच दुकानात टाईप केला, आणि त्यात २००९ च्या जागी २००८ पडलं. माझ्याही लक्षात आलं नाही. पंचनाम्यात २००९, अर्जात २००८, अशा एका आकड्यावर उलटतपासात माणूस खोटा ठरतो, म्हणून वकिलांनी परत पाठवला आणि ती तारीख गेली, पुढची पाच आठवड्यांनी. मला दुकानातच रडू आलं. काकांनी चूक कबूल केली, फुकट परत करून दिलं ते सोडा, पण त्या दिवसापासनं त्यांनी पद्धतच बदलली, आता कुठलाही अर्ज आधी कच्चा काढतात, गिऱ्हाइकाला पेन देतात आणि सगळ्या तारखा, नावं, वयं गोल करून घेतात, मगच पक्का कागद. निरक्षर कुणी असेल तर दुकानातल्या काकू स्वतः वाचून दाखवतात. तरी अर्धा कापते, कारण पाच आठवडे गेले ते गेले.

बाकी तक्रारी बारीक आहेत. सोमवारी तोबा गर्दी. जेवायची सुट्टी आणि कोर्टाची सुट्टी एकाच वेळी, त्यामुळं ज्या अर्ध्या तासात आपल्याला वेळ असतो त्याच वेळी शटर अर्धं खाली. उन्हाळ्यात पत्र्याखाली बसवत नाही.

त्या बाकड्याबद्दल लिहिलंच पाहिजे. २०२२ च्या उन्हाळ्यात मी तिथं नंबर लागायची वाट बघत बसलेले, शेजारी एक बाई, साठीच्या, हातात पिशवी, पिशवीत चकल्या नाहीतर शंकरपाळ्या असाव्यात, वास येत होता. काकांनी मला हळूच आत बोलवलं आणि काउंटरच्या आत स्टुलावर बसवलं. नंतर कळलं, ती एक नंबरच्या आरोपीची आई. तीही झेरॉक्सलाच आलेली, पोराच्या जामिनाचे कागद. मला आधी राग आला की काका तिलाही तेवढ्याच मायेनं पाणी देतायत. तिचा पोरगा साडेतीन वर्षं आत होता, खटला सुरू झाला नाही म्हणून पुढं त्याला हायकोर्टानं जामीन दिला, बाकीचे दोघं अजून कळंब्यात आहेत. मला तो जामीन अजून पटलेला नाही, गावात तो आमच्या दारावरनं गाडी घेऊन जातो तेव्हा आई आतल्या खोलीत जाऊन बसते. पण एवढं मला त्या बाकड्यावर कळलं की हे लांबल्यानं त्या बाईचंही काही ठरत नाहीये. पोरगा दोषी असेल तर तसं कळू दे, नसेल तर त्याची वर्षं कोण परत देणार. १९७९ ला सुप्रीम कोर्टानं हुसैनआरा खातूनच्या प्रकरणात सांगितलं की खटला लवकर चालणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, तो आरोपींसाठी सांगितला होता, बिहारच्या जेलमध्ये वर्षानुवर्षं पडलेल्या कच्च्या कैद्यांसाठी. माझं म्हणणं एवढंच की तो माझ्या बाबांचाही होता.

बाकड्यावर फाशीचा विषय निघाला की कुणीतरी लहान मुलं पळवून मारणाऱ्या गावित बहिणींचं काढतंच, कोल्हापुरात निघणारच. इथल्या सेशन कोर्टानं २००१ ला फाशी दिली, हायकोर्टानं २००४ ला, सुप्रीम कोर्टानं २००६ ला कायम केली, राष्ट्रपतींनी २०१४ ला दयेचा अर्ज फेटाळला, आणि जानेवारी २०२२ ला हायकोर्टानं फाशीची जन्मठेप केली, कारण दयेच्या अर्जावर सरकारनं जवळजवळ आठ वर्षं लावली होती. लोक म्हणतात बघा, सुटल्या. सुटल्या नाहीत, जन्मठेप आहे, पण ज्यांची लेकरं गेली त्यांनी १९९६ पासनं पंचवीस वर्षं एकाच गोष्टीची वाट बघितली आणि शेवटी ती गोष्टच बदलली. मला स्वतःला आता फाशी पाहिजे का जन्मठेप, खरंच सांगते, याचा विचार करायचं मी सोडलंय. साज कोर्टात उघडला जावा, ते लालसर पान कुणीतरी साहेबांना दाखवावं आणि निकाल काय तो लागावा, आई असेपर्यंत.

नवीन केस असणाऱ्यांसाठी : १ जुलै २०२४ नंतरच्या कायद्यात आरोप निश्चितीला ६० दिवस आणि युक्तिवाद संपल्यावर निकालाला ३० दिवस, फार तर ४५, अशी मुदत लिहिलीय, आणि तपास कुठवर आला हे ९० दिवसांत पोलिसांनी फिर्यादीला कळवायचं आहे. आमच्यासारख्या जुन्या खटल्यांना जुनाच कायदा. त्यातही ३०९ कलमात लिहिलेलं होतंच की साक्षी सुरू झाल्या की रोजच्या रोज घ्या. काकांकडं हे सगळं मराठीत छापलेलं एक पान आहे, मागितलं की देतात. सरकारी वकिलांना मदत करायला आपला खाजगी वकील कोर्टाच्या परवानगीनं देता येतो, नुकसानभरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं अर्ज करता येतो, हेही आम्हाला इथंच कळलं. ई-कोर्ट्सचं ॲप मोबाईलमध्ये टाकून १६ अंकी-अक्षरी सीएनआर नंबर कसा घालायचा ते त्यांचा मुलगा शिकवतो, बाबांना त्यानंच शिकवलं होतं. रात्री जेवण झालं की चष्मा लावून बाबा तेवढं एकच बघायचे, पुढची तारीख.

आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून सीपीआर हॉस्पिटलसमोर हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग सहा जिल्ह्यांसाठी. चाळीस वर्षांवर लोक मागत होते. आमची फाईल मुंबईला गेली तेव्हा रात्रीच्या बसनं दोनदा जाऊन आलेय मी, नुसतं ती कुठल्या टेबलावर आहे हे विचारायला. आता तेवढं तरी कुणाला लागू नये.

दर : झेरॉक्स पानाला २ रुपये, दोन्ही बाजू ३, टायपिंग पानाला ४०, स्पायरल ५०. शंभर पानांच्या वर असेल तर कमी करतात, खुनाच्या केसवाल्यांना न मागता कमी करतात. वेळ सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेसहा, दुसरा-चौथा शनिवार आणि रविवार बंद. सीबीएसवरनं, म्हणजे एसटी स्टँडवरनं, केएमटीची बस किंवा रिक्षा. पार्किंग नाही. पाचपैकी साडेचार.

माझा ३११ चा अर्ज मंजूर झालाय, २४ तारखेला साक्ष आहे. काकांनी २००९ ची गुजरीतली पावती लॅमिनेट करू दिली नाही, ओरिजिनल कोर्टात दाखवायला लागेल, लॅमिनेट केली तर शंका घेतील म्हणाले, साध्या प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून दिली आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

एक विनंती, जुने गठ्ठे नेणार असाल तर स्टेपलच्या पिना घरीच काढून न्या. काका सगळ्या नखानं काढत बसतात, उजव्या अंगठ्याला कायम चिकटपट्टी असते त्यांच्या.